कुणाच्या नावावर? नवऱ्याविना जगलेल्या स्त्रियांची दोन शतके

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. इथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली नारायण जन्मला. पुढे तो समर्थ रामदास झाला. बाराव्या वर्षी त्याला बोहल्यावर उभे केले, मंगलाष्टकांतला ‘सावधान’ हा शब्द कानावर पडला आणि तो मांडवातून निघून गेला, ही गोष्ट मराठी मुलखात लहान पोरालाही ठाऊक असते. लग्न जांबजवळच्या आसनगावला लागत होते, असे परंपरा सांगते.

या गोष्टीत अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. सप्तपदी झालेली नव्हती, म्हणून तिचे दुसऱ्या मुलाशी लग्न लावून दिले, एवढे सांगून परंपरा तिचा विषय मिटवते. नारायण नाशिकजवळ टाकळीला गेला, बारा वर्षे तप केले, मग देशभर हिंडला. लग्न न केल्याने त्याची प्रतिष्ठा वाढली. त्याच मांडवातल्या मुलीला अविवाहित राहण्याची मुभाच नव्हती. ब्राह्मण घरात न्हाण येण्याआधी मुलीचे हात पिवळे झाले नाहीत तर बापाला दोष लागे, घर वाळीत पडण्याची भीती असे. इतर जातींतही मुलगी फार काळ बिनलग्नाची ठेवत नसत.

तरीही सतराव्या-अठराव्या शतकांतल्या आपल्या मुलखात नवऱ्याविना जगणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या कष्ट करत, पैसा हाताळत, मठ चालवत, गाणे-नाचणे करत. कुणी जहागीर सांभाळली, कुणी फौज पदरी बाळगली. त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो : ही स्त्री कुणाच्या नावावर जगत होती? नवरा नसेल तर देव, मठ, सरकार किंवा बादशहा, असे कुणाचे तरी नाव तिच्या मागे लागलेले दिसते. तिची मिळकत किती टिकणार, हे त्या नावावर ठरे.

दोन जगांतला फरक

याच काळात वायव्य युरोपात चित्र निराळे होते. जॉन हज्नल या अभ्यासकाने १९६५ साली लेनिनग्राडपासून ट्रिएस्टपर्यंत एक रेषा कल्पून दाखवली. तिच्या पश्चिमेला मुलींची लग्ने साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षानंतर होत आणि दहांतली एखादी तरी स्त्री, काही ठिकाणी त्याहून जास्त, जन्मभर अविवाहित राही. इंग्लंडमधल्या खेड्यातली मुलगी बारा-पंधरा वर्षांची झाली की दुसऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने कामाला राही. दूध काढणे, लोणी-चीज करणे, घरकाम, सूतकताई यांतून मिळालेले पैसे ती साठवी आणि मग लग्न करी किंवा करत नसे. तिथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. अविवाहित बाई मात्र स्वतःच्या नावाने करार करू शके, दावा लावू शके, पैसे व्याजाने देऊ शके. साउथॅम्प्टनसारख्या बंदराच्या गावात अविवाहित स्त्रियांनी नगरपालिकेलाही कर्ज दिल्याच्या नोंदी आहेत. तिथेही त्यांची मजुरी पुरुषापेक्षा कमी असे, गिल्डचे दरवाजे बहुधा बंद असत आणि म्हातारपण दारिद्र्यात जाण्याचा धोका मोठा होता. पण माहेर आणि सासर यांच्या मधली दहा-बारा कमावती वर्षे त्यांच्या आयुष्यात होती.

आपल्याकडे ही मधली वर्षेच नव्हती. मुलगी बापाच्या घरातून थेट सासरी जाई. त्यामुळे दख्खनमधली एकटी स्त्री बहुतेक वेळा लग्न झाल्यानंतर एकटी झालेली असे : बालविधवा, टाकलेली, काडीमोड झालेली, दुष्काळात घर गमावलेली. जन्मभर अविवाहित राहिलेल्या स्त्रिया प्रामुख्याने समाजाच्या दोन टोकांना सापडतात, देवाला वाहिलेल्या मुलींत आणि बादशाही घराण्यातल्या शहजाद्यांत.

विधवा किंवा टाकलेल्या बाईपुढे कोणती वाट आहे, हे जातीवर ठरे. कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती. काडीमोड घेता येई, दुसरा घरोबा करता येई. अशा पाटावर सरकार ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेई, म्हणजे बाईच्या दुसऱ्या संसारातूनही खजिन्यात भर पडे. कन्याविक्रय करू नये, अशा आज्ञा पेशवाईत ब्राह्मणांना द्याव्या लागल्या, यावरून मुलीच्या लग्नात पैशाचा व्यवहार किती खोल शिरला होता ते कळते. ब्राह्मण विधवेला मात्र पाटाची वाट बंद होती. केशवपन, एकभुक्त राहणे, लाल आलवण आणि भाऊ किंवा दिराच्या घरात दुसऱ्यांचे करत राहणे, एवढेच तिच्या वाट्याला येई.

न मोजलेले कष्ट

जालना त्या काळी श्रीमंत पेठ होती. अकबराच्या काळात अबुल फजलचे वास्तव्य इथे होते, औरंगजेबही दख्खनचा सुभेदार असताना अधूनमधून इथे राही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली ती या पेठेच्या संपत्तीमुळेच. कुंडलिका नदीकाठच्या या गावात कापडाचा आणि रेशमाचा धंदा होता, नैर्ऋत्येला पैठणचे मागही चालू होते.

मागावर पुरुष बसलेला दिसे. पण एक माग चालता ठेवायचा तर अनेक हातांनी सूत कातावे लागे, आणि ते हात बायकांचे होते. सरकी काढणे, कापूस पिंजून झाल्यावर पेळू करणे, चरख्यावर सूत काढणे, कांडी भरणे ही सगळी कामे घरात बसून करता येत. ज्या बाईला बाहेर पडण्याची मनाई होती तिलाही चरखा चालवता येई. म्हणून विधवांसाठी सूतकताई हा शेवटचा आधार होता. बाजारात सुताला भाव असे, पण कातणारीचे नाव कुठल्याही वहीत चढत नसे. वहीत विणकर येई, व्यापारी येई, दलाल येई.

दळण-कांडणाचेही तसेच. मोठ्या वाड्यावर, देवस्थानात, लग्नकार्यात पायलीवर दळून देणाऱ्या, डाळ भरडणाऱ्या, भात कांडणाऱ्या बायका लागत. सोवळ्यातला स्वयंपाक करायला ब्राह्मण विधवा लागत. सुईणीवाचून कुठल्याच घराचे चालत नसे. शेतात खुरपणी आणि वेचणी बायकांचीच, आठवड्याच्या बाजारात भाजी, दूध-दही, शेण्या विकणाऱ्याही त्याच. मोबदला बहुधा धान्यात मिळे : ओंजळभर, शेरभर, सुपातले उरलेले. धान्य त्या दिवशीच पोटात जाई, म्हणून त्यातून शिल्लक राहत नसे. एकट्या बाईची अडचण इथे होती. कामाची तिला वाण नव्हती, पण त्या कामातून उद्यासाठी काही राखता येत नव्हते.

मठाच्या नावावर

रामदासांच्या परंपरेनेच एक वेगळी वाट काढली. त्यांच्या शिष्यवर्गात बालविधवा होत्या, त्यांतल्या वेणाबाई आणि अक्काबाई ही दोन नावे ठळक आहेत. वेणाबाईंनी मिरजेचा मठ सांभाळला, ग्रंथरचना केली आणि उभे राहून कीर्तन करण्याची परवानगी मिळवली, असे संप्रदाय सांगतो. त्या काळात विधवेचे तोंड सकाळी पाहू नये असे मानत. तिने भर सभेत उभे राहून बोलावे आणि पुरुषांनी बसून ऐकावे, हे पाऊल फार मोठे होते. १६७८ साली सज्जनगडावर वेणाबाईंचे निधन झाले.

अक्काबाईंचे काम आर्थिक बाजूने आणखी लक्षणीय आहे. शके १६०३ मध्ये समर्थांनी देह ठेवला. त्यानंतरची सुमारे चार दशके, १७२१ पर्यंत, चाफळ आणि सज्जनगडच्या व्यवस्थेत अक्काबाईंचा हात होता. मठ चालवणे म्हणजे नुसती पूजाअर्चा नव्हे. शिवाजी महाराजांनी आणि पुढच्या छत्रपतींनी दिलेल्या इनाम गावांचा वसूल यायचा, तो कोठारात उतरवून घ्यायचा, रोजच्या पंक्तीचा शिधा काढायचा, रामनवमीच्या उत्सवाची बेगमी करायची, भिक्षेला गेलेल्या शिष्यांची झोळी मोजून घ्यायची. त्यातच मोगलांच्या स्वाऱ्यांचा काळ. सज्जनगड शत्रूच्या हाती जाण्याची वेळ आली तेव्हा मूर्ती सुरक्षित हलवण्याचे श्रेय संप्रदाय अक्काबाईंना देतो.

या दोघींना जे मिळाले ते माहेर किंवा सासर देऊ शकले नसते. अन्नवस्त्राची खात्री, शिक्षण, लोकांत मान आणि कारभाराचा अधिकार या चारही गोष्टी मठाने दिल्या. त्यासाठी वैराग्य ही अट होती. स्वतःची म्हणून कवडीही जवळ न ठेवणाऱ्या बाईच्या हातीच हजारो लोकांचे धान्य सोपवले जाई.

देवाच्या नावावर

दुसरी वाट नवसाची होती. मूल होत नाही, जगत नाही, घरात आजार हटत नाही, म्हणून पहिली मुलगी खंडोबाला वाहायची. भंडारा लावून देवाशी तिचे लग्न लावत आणि ती मुरळी होई. मुलगा वाहिला तर वाघ्या. मुरळीला पुरुषाशी लग्न करता येत नसे. जेजुरी हे या प्रथेचे मोठे ठाणे, पण खंडोबाची देवळे मराठवाड्यातही गावोगाव आहेत. जालना जिल्ह्यातल्या अंबडलाही खंडोबाचे देऊळ आहे.

मुरळीची मिळकत जागरणातून येई. लग्नानंतर, सुगीनंतर, नवस फेडताना घरोघरी जागरण घालत. रात्रभर घोळ आणि दिमडीच्या तालावर देवाची गाणी होत, सकाळी दक्षिणा, धान्य, लुगडे-चोळी मिळे. वारी मागायची, कोटंब्यात पडेल ते घ्यायचे. देवाची बायको म्हणून ती विधवा कधीच होत नसे, त्यामुळे शुभकार्यात तिला मान होता. वंश चालवायला मुलगा नसलेल्या घरात अशी मुलगी आईबापाजवळ राही, त्यांना सांभाळी. एवढी बाजू खरी आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हा निर्णय तिच्या पाळण्यात असताना घेतलेला असे. वयात आल्यावर गावातल्या धनिकाची नजर तिच्यावर पडे, तिच्या मुलांना बापाचे नाव आणि वाटा मिळत नसे, आणि आवाज-रूप ओसरले की भिक्षेशिवाय गत नसे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्राचा आजचा कायदा २००५ चा आहे.

सरकारच्या नावावर

सर्वांत कठीण आयुष्य कुणबिणींचे होते. मराठेशाहीच्या कागदांत दासीला ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हणतात. ती विकत घेतलेली, स्वारीत धरून आणलेली, दुष्काळात आईबापांनी विकलेली किंवा बदकर्माच्या आरोपावरून सरकारने जप्त केलेली बाई असे.

दुष्काळाचा वाटा यात फार मोठा होता. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खन होरपळले. तुकोबांची पहिली बायको याच दुष्काळात गेली. पीटर मंडी हा इंग्रज तेव्हा सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे प्रवास करत होता. वाटेवर पडलेली प्रेते आणि पोटची पोरे विकणारे किंवा कुणीही न्यावीत म्हणून देऊन टाकणारे लोक यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. १७९१-९२ आणि १८०३-०४ साली दख्खनवर पुन्हा तसेच दिवस आले. दुष्काळात मुलगी विकणे हा बापाचा क्रूरपणा असेच असे नाही. ती कुठेतरी दोन घास खाऊन जगेल, ही शेवटची आशाही त्यामागे असे.

व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या बाईला सरकार कुणबीण करी आणि किल्ल्यावर किंवा कोठीवर कामाला लावी. दळणे, सारवणे, पागेत चंदी भरडणे, इमारतीच्या कामावर माती-चुना वाहणे ही तिची कामे. बदल्यात शिधा आणि वर्षाचे लुगडे मिळे. तिला विकता येई, बक्षीस देता येई, लग्नात मुलीबरोबर पाठवता येई. तिच्या मुलांवरही धन्याचा हक्क असे. म्हातारपणी किंवा मोबदला घेऊन सोडून दिल्याची उदाहरणे आहेत, पण सुटल्यावर जायचे कुठे हा प्रश्न उरेच. एक गोष्ट इथे स्पष्ट म्हटली पाहिजे. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईचे शरीर आणि श्रम सरकारच्या मालकीचे होऊ शकत, आणि ही भीती घरात नांदणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत पोचत असणार. छळ सोसूनही कितीतरी जणी घरातच का राहिल्या, याचे एक उत्तर कुणबिणीच्या या व्यवस्थेत आहे.

बादशहाच्या नावावर

दुसऱ्या टोकाला मोगल शहजाद्या. शाहजहानच्या आणि औरंगजेबाच्या अनेक मुली जन्मभर अविवाहित राहिल्या. जहाँआरा १६१४ साली जन्मली. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज वारली तेव्हा तिच्या एक कोटी रुपयांच्या दौलतीतला अर्धा वाटा या सतरा वर्षांच्या मुलीला मिळाला. पुढे सुरत बंदराचे उत्पन्न तिच्याकडे आले. ‘साहेबी’ नावाचे तिचे जहाज व्यापार करी, यात्रेकरू नेई. दिल्लीचा चांदणी चौक तिनेच वसवला.

औरंगजेबाची थोरली मुलगी झेबुन्निसा आपल्याच मुलखात, दौलताबादला, १६३८ साली जन्मली. विदुषी, ग्रंथसंग्राहक, कवींची आश्रयदाती. तिला वर्षाला चार लाख रुपयांचा तनखा होता. १६८१ साली भाऊ अकबर बंड करून दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच्याशी तिचा पत्रव्यवहार उघड झाला तेव्हा तनखा बंद, दौलत जप्त आणि तिला सलीमगडात कैद झाली. मरेपर्यंत, म्हणजे १७०२ पर्यंत, ती तिथेच राहिली. चार लाखांची धनीण एका फर्मानाने निष्कांचन होऊ शकत होती. संपत्ती तिच्या हातात होती, पण मर्जी बापाची होती.

धाकटी झीनतुन्निसा मात्र बापाबरोबर दख्खनच्या छावणीत राहिली. १६८९ साली रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. छावणीतल्या त्या वर्षांत झीनतने शाहूवर माया केली, त्याची काळजी वाहिली. एका अविवाहित शहजादीच्या छायेत मराठ्यांचा पुढचा छत्रपती वाढला. १७०७ मध्ये तो सुटला, येसूबाईंना मात्र १७१९ पर्यंत वाट पाहावी लागली.

स्वतःचे नाव कमावलेल्या

अठराव्या शतकात जालना निजामाच्या राज्यात होते. त्या दरबारात माहलका बाई चंदा (१७६८-१८२४) ही गायिका, नर्तकी आणि उर्दू कवयित्री होती. तिने लग्न केले नाही. निजाम अली खानाच्या स्वाऱ्यांत ती बरोबर असे. तिच्याकडे जहागिरी होत्या, स्वतःचे शिपाई होते. हैदराबादला मौला अलीच्या डोंगराखाली तिने आईची कबर आणि बारव बांधली, तिथेच तिलाही पुरले. मुलींना नृत्य-गायन शिकवण्यासाठी तिने पैसा खर्च केला. तिची कला आणि तिची बुद्धी ही तिची कमाई होती.

जालना जिल्ह्याच्या मातीवर आणखी एका स्त्रीच्या पलटणी उतरल्या. असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या बाजूला सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी होत्या. नाचणारी मुलगी म्हणून आयुष्य सुरू केलेली ही बाई वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री सेनानीबरोबर राहिली. १७७८ साली तो वारल्यावर फौज आणि जहागीर तिने स्वतःच्या ताब्यात ठेवली. मधले एक लग्न तिच्या गळ्याशी आले, त्यातून ती वाचली आणि पुढे १८३६ पर्यंत एकटीने कारभार केला. ती वारली आणि ईस्ट इंडिया कंपनीने जहागीर खालसा केली.

याच काळात अंबड परगणा होळकरांकडे होता. अहिल्याबाईंना १७५४ मध्ये वैधव्य आले, १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य चालवले. घाट, बारवा, देवळे यांचा खर्च त्या खासगीच्या उत्पन्नातून करत. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर दिली होती, ती सुनेकडे आली. राज्याच्या दौलतीपासून वेगळे, घराण्यातल्या स्त्रीच्या नावाचे हे उत्पन्न होते. अहिल्याबाईंची कर्तबगारी त्यांची स्वतःची, पण ती इतकी उमलली त्यामागे खासगीचा हा भक्कम आधार होता.

काय शिकायचे

या सगळ्या स्त्रिया एकत्र ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. कर्तृत्व सगळीकडे होते. चरख्यावर बसलेल्या विधवेत होते, रात्रभर उभी राहून गाणाऱ्या मुरळीत होते, पागेत चंदी भरडणाऱ्या कुणबिणीतही होते. उणीव होती ती आपल्या नावावर असलेल्या, दुसऱ्याच्या मर्जीने न जाणाऱ्या मिळकतीची. जिला मठाची कोठी मिळाली तिने संप्रदाय तारला, जिला खासगी मिळाली तिने देशभर घाट बांधले. जिला मूठभर धान्य मिळाले ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभी राहिली. सद्गुण आणि नशीब यांनी हा फरक उलगडत नाही. तो हक्काचा फरक आहे.

म्हणूनच १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात केलेली दुरुस्ती इतिहासाच्या दृष्टीने फार मोठी आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. अकरा वर्षांत मोठे अंतर पडले : महाराष्ट्राच्या कायद्याने आधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवले होते, केंद्राच्या दुरुस्तीने मुलीच्या लग्नाचा प्रश्नच काढून टाकला. पण कायदा आणि सातबारा यांच्यात अजून ‘हक्कसोड’ उभी आहे. भावाशी नाते तुटू नये म्हणून बहिणीकडून सही घेतली जाते आणि तीही ती करते. मराठवाड्यात आज विधवा, परित्यक्ता, अविवाहित स्त्रिया ‘एकल महिला’ म्हणून संघटित होऊन घर, रेशनकार्ड आणि जमीन आपल्या नावावर मागत आहेत. त्यांची मागणी नवी वाटते, पण वेणाबाई, अक्काबाई आणि नाव न राहिलेल्या हजारो सूत कातणाऱ्या बायकांच्या अनुभवातून तीच निघते. एकट्या बाईला कुणाची दया लागत नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले की पुढचे ती करते, हे या दोन शतकांनी पुरेसे दाखवून दिले आहे.